उंबऱ्यात अडकलेलं पाणी

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याला जेमतेम सातशे. कार्ला, कामशेत, वडगाव, तळेगाव असं खाली उतरत जावं तसा तो ओसरत जातो. म्हणूनच जुनी स्पोर्ट्स गाडी लोणावळ्याच्या बंगल्यात ठेवायचं म्हटलं की आधी पावसाची धास्ती वाटते. पण छपरावरून वाहून गेलेलं पाणी पत्र्याचं फारसं बिघडवत नाही. लोखंड गंजायला पाण्याचा लोट लागतच नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो, आणि गंजाला तेवढा पुरतो. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर धुकं खिडकीतून घरात शिरतं, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. त्या चार महिन्यांत बंद शेडमधली गाडीही ओलीच असते. त्यात मुंबईहून आलेली गाडी असेल तर समुद्राच्या हवेतलं मीठ जुन्या गंजाच्या खड्ड्यांत मुरलेलं असतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच हेही हवेतून पाणी ओढून घेतं. म्हणून गंजाचा हिशेब पत्रा किती तास ओला राहिला यावर करायचा, आणि दुरुस्तीला हात घालताना पाणी कुठून आत येतं, कुठे अडकतं, हे आधी शोधायचं. हे न करता केलेलं पत्राकाम, कितीही सफाईदार असो, दोन-चार पावसाळेच टिकतं असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला एमजीबी ही जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात हिच्या पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. आधीच्या बहुतेक एमजी गाड्यांना खाली वेगळी चेसिस असे. हिला ती नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. उघड्या गाडीला छताचा आधारही नाही. मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी बांधून ठेवण्याचा बराचसा भार दाराखालच्या पोकळ उंबऱ्यावर येतो. गॅरेजमध्ये त्याला सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोघांच्या मध्ये उभा पडदा, अशी त्याची रचना. पुढचं चाक चिखल उडवतं, तो मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे मातीचा गोळा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि ते पाणी हळूहळू सिलमध्ये उतरतं. खालची भोकं मातीने किंवा कुणीतरी जाड थापलेल्या अंडरकोटिंगने बुजलेली असली की ते आतच राहतं. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या जोडात शिरला की त्यांना फुगवून फाडतो. बाहेरून दिसतो फक्त रंगाखालचा बारीक फोड. स्क्रू-ड्रायव्हर टोचला की तो आरपार जातो आणि तळव्यावर तपकिरी पोपडे गळतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ज्यांनी चालवली, त्यांना पायाखालची चाळण झालेली फरशी वेगळी समजावून सांगायला नको.

असं सडलेलं सिल कापून नवं बसवावं, तर यावर पहिला आक्षेप खर्चाचा. भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकायचा, लांबी (पुट्टी) भरायची, घासून रंग मारायचा. गाडी वर्षातून चार वेळा निघते, तिला एवढं पुरे. पण ही लांबी स्वतःच ओलावा शोषते, आणि आतून येणाऱ्या पाण्याला बाहेरचा रंग अडवू शकत नाही. लोणावळ्यातच, आयएनएस शिवाजीत, 1945 पासून नौदलाचे इंजिनिअर घडतात. जहाजांच्या जगात झिजलेल्या पत्र्याची जाडी मोजतात, ती मर्यादेखाली गेली की तेवढा भाग कापून नवा जोडतात; भार घेणाऱ्या पत्र्यात भराव चालत नाही. सिललाही हाच न्याय हवा. मात्र कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी बार जोडून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध खचते आणि नवं सिल बसल्यावर दार लागतच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कापत गेलं तर जुनी गाडी उरते किती? ही खंत मला रास्त वाटते. ज्या पत्र्याची जाडी शाबूत आहे, नुसते वरवरचे खड्डे पडले आहेत, त्याला ग्राइंडर लावूच नये. सुटा होणारा भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरच्या वजा टोकाला जोडला की गंज सुटतो आणि लोखंड तसंच राहतं. (अधिक टोकाला साधं लोखंड लावावं, स्टेनलेस स्टील नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करावं, कारण हायड्रोजन निघतो.) न सुटणाऱ्या भागाला टॅनिक आम्लाचा हात देता येतो. सह्याद्रीच्या रानातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी काळी शाई होत असे, आणि गंजावर धरणारा काळा थर त्याच जातीचा. पण ब्रश पोचतो तिथवरच त्याची मात्रा चालते. सिलच्या आतला पडदा सडला असेल तर कापणं टळत नाही, आणि तो तसाच ठेवून जपलेला अस्सलपणा वळणावर गाडीत बसणाऱ्याच्या जिवावर बेततो.

मग सगळी गाडी सँडब्लास्ट करून मोकळं का होऊ नये? कारण जोराच्या माऱ्याने बॉनेट-दारांसारखा पातळ, सपाट पत्रा वेडावाकडा होतो, आणि उडालेली वाळू पोकळ्यांत जाऊन बसते. शिवाय जुलैच्या हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांत तांबूस झाक येते. मावळात हे काम दिवाळीनंतर काढावं, उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली जावा, आणि रंग झाल्यावर सिलमध्ये लांब नळीने मेण फवारावं. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गाडी गुंडाळणं तर सर्वांत वाईट. जमिनीची वाफ तिच्याखाली कोंडते. त्यापेक्षा सिमेंटची कोरडी जमीन, गालिचे काढलेले, काचा थोड्या खाली आणि खेळती हवा बरी.

मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, सिलखालची भोकं तारेने मोकळी करावीत. मग मडगार्डच्या त्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतून खाली वर्तमानपत्र अंथरावं. पाणी लगेच खाली आलं तर वाट मोकळी आहे. ओतलेलं पाणी खाली उतरलंच नाही, किंवा दुसऱ्या दिवशीही थेंब पडत राहिले, तर सिलचा तो भाग पाऊस लागण्याआधी उघडावा.