थकवा दोन दिवसांनी गाठतो तेव्हा

‘रोज थोडं चाला, बरं वाटेल.’ थकलेल्या माणसाला हा सल्ला सगळेच देतात. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णाला मात्र तोच अंथरुणाला खिळवू शकतो. या आजारात श्रमांचा त्रास बऱ्याचदा उशिरा सुरू होतो. सोमवारी आंघोळ करून दवाखान्यात जाऊन आलेल्या बाईंचं बुधवारी अंग ठणकतं, शब्द आठवत नाहीत, खिडकीतला उजेडही सोसवत नाही. नेहमीच्या रक्ततपासण्या बहुधा नॉर्मल येतात आणि ‘मनाचे खेळ’ असा शिक्का बसतो. हा घोर अन्याय आहे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ साली टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याची शिफारस केली होती. ऑक्टोबर २०२१मध्ये ती मागे घेतली. नव्या मार्गदर्शिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावरही भर आहे. रुग्णाचं म्हणणं खरं मानणं, श्रमांनंतरची घसरण ओळखणं, शक्ती संपण्याआधी थांबायला शिकवणं, हे त्याचं सार. तीव्र आजार असलेल्यांना घरी जाऊन, मंद उजेडात, हळू आवाजात तपासायचं.

आपल्याकडच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक विनंती: अशा रुग्णाला ‘आज कसं वाटतंय?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दोन दिवसांपूर्वी काय काय केलं होतंत?’ हेही विचारा.