गाडीच्या एसीचीही नाडी पाहा

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आठ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. घरी ठणठणीत असणारी ही मुलगी गाडीत बसली, की काही वेळातच शिंका आणि खोकल्याने बेजार होई. औषध लिहून देण्यापूर्वी मी त्यांना बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा एसी सुरू करायला सांगितले. ओल्या कपड्यांसारखा कुबट वास आला. पुढे मेकॅनिकने फिल्टर काढला, तेव्हा तो धुळीने काळवंडलेला होता. तो बदलून कॉइल स्वच्छ केल्यावर मुलीचा त्रास बराच उणावला.

आपल्या कागल परिसरात महामार्गाची धूळ, औद्योगिक वसाहतीकडे जाणारी अवजड वाहने आणि हंगामात शेतात पेटणारा उसाचा पाला यांमुळे फिल्टर लवकर भरतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना ही अस्वच्छ हवा अधिक बाधते. म्हणून एसीची लक्षणे वेळीच ओळखावीत.

कुबट वास : थंड कॉइलवर हवेतील बाष्प साचते आणि त्या ओलाव्यात बुरशी वाढते. फिल्टर पुस्तिकेतील मुदतीत, किंबहुना आपल्याकडील धुळीत त्याआधीच बदलावा. मुक्काम येण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल सुकते. गाडीखाली पाणी ठिबकणे हे स्वाभाविक आहे. मात्र ते आत पायांशी आले, तर निचऱ्याची नळी तुंबली असे समजावे.

अपुरा गारवा : वाराच मंद असेल, तर फिल्टर किंवा पंखा तपासावा. गाडी धावताना गार आणि थांबली की कोमट हवा येत असेल, तर पुढील कंडेन्सरचा पंखा पाहावा. वारा जोरात असूनही गार नसेल, तर गॅस कमी झाल्याची शक्यता असते. हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो. पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो वारंवार भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे निदान न करता तापाची गोळी देणे. शिवाय अनेक गाड्यांतील आर-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटींहून अधिक तापमानवाढ करतो. हे काम घरी करू नये. या वायूने त्वचेला हिमदाह होतो.

धोक्याचे वास : गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके दिसल्यास इंजिनाच्या कूलंटची गळती संभवते. धुराचा वास आला, तर काचा उघडून गाडी सुरक्षित जागी थांबवावी, इंजिन बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि गाडी तपासून घ्यावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंग वा गंध नसतो. म्हणूनच इंजिन व एसी चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये.

लांबच्या प्रवासात आतलीच हवा फिरवणारे बटण सतत चालू ठेवू नये. माणसांच्या उच्छ्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो, चालकाला सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी.

एसीची स्वच्छता हा औषधाला पर्याय नव्हे. दम्याचा इन्हेलर सुरूच ठेवावा. परंतु पुढच्या वेळी प्रवासात मूल खोकू लागले, तर छातीबरोबर गाडीचा फिल्टरही तपासून घ्या.