पानापानांत पोचणारा इशारा

घणसोली गावाभोवती आज उंच इमारती आहेत. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबई उभी राहू लागली. त्याआधी इथले आगरी शेतकरी भात लावत आणि कोळी खाडीत जाळी टाकत. भात गेला, खाडीकाठची तिवरं उरली. भात काय, तिवर काय, रोग आला म्हणून जागचं हलू शकत नाही. त्यांचा बचाव रसायनांवर चालतो. तो समजून घेतला, तर फवारणीचा पंप कधी खाली ठेवायचा तेही कळतं.

शत्रूची ओळख

भातावरच्या कडा करप्याचा जिवाणू पानाच्या कडेवरच्या सूक्ष्म छिद्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो. पेशीच्या आवरणावर काही प्रथिनं पहाऱ्याला असतात, ती जिवाणूचे रेणू ओळखतात. एका आफ्रिकी रानभातात असं प्रथिन बनवणारं ‘एक्सए 21’ हे जनुक सापडलं आणि 1995 मध्ये शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. हैदराबादच्या संस्थांनी हेच जनुक, आणखी दोन जनुकांसह, सांबा मसुरी या भाताच्या वाणात आणलं. त्यातून 2008 मध्ये कडा करपा सोसणारं सुधारित वाण शेतकऱ्यांना मिळालं. यासाठी त्यांना औषधाचा एक थेंबही जास्त लागत नाही.

पेशींचा बळी

ओळख पटली की लागण झालेल्या जागेभोवतालच्या पेशी अनेकदा स्वतःहून मरतात. जिवंत पेशींवरच जगणारी बुरशी तिथे उपाशी राहते. भात याशिवाय मोमिलॅक्टोनसारखी बुरशीनाशक द्रव्यंही तयार करतो.

बाकीच्या पानांना खबर

शास्त्रज्ञ फ्रँक रॉस यांनी 1961 मध्ये तंबाखूच्या काही पानांना मोझॅक विषाणूची लागण केली. नंतर त्याच झाडाची निरोगी पानंही त्या विषाणूला पुरून उरली, म्हणजे इशारा झाडभर पोचला होता. 1979 मध्ये ॲस्पिरिन दिलेल्या तंबाखूतही असाच प्रतिकार वाढलेला दिसला. पुढे 1990 मध्ये उलगडलं की ॲस्पिरिनशी जवळचं नातं असलेलं सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःच बनवतं आणि लागणीनंतर त्याचं प्रमाण वाढतं. त्याचंच मिथाइल सॅलिसिलेट हे रूप हवेतूनही पसरतं. सांधेदुखीच्या मलमांना येणारा तो ओळखीचा वास याच रसायनाचा. तंबाखूची शेजारची झाडंही त्याने सावध होतात, हे 1997 मध्ये दिसलं. भाताचं गणित थोडं वेगळं आहे: त्याच्या पानांत सॅलिसिलिक आम्ल मुळातच भरपूर असतं.

या यंत्रणेचा शेतीत उपयोगही झाला आहे. बुरशीमुळे होणाऱ्या करप्याविरुद्ध (हा रोग कडा करप्याहून वेगळा) जपानमध्ये 1970 च्या दशकापासून प्रोबेनाझोल वापरतात. ते बुरशीला थेट मारण्याऐवजी मुख्यतः भाताचा स्वतःचा बचाव जागवतं. मला हा मार्ग विषारी फवाऱ्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो.

अळीसाठी दुसरी वाट

अळीने पान कुरतडलं की जॅस्मोनिक आम्ल वाढतं आणि पानात अळीला अन्न पचू न देणारी प्रथिनं तयार होतात. अमेरिकेतल्या रानझुडपाच्या फांद्या टोमॅटोच्या रोपांजवळ ठेवल्या, तेव्हा त्यांतून निघणाऱ्या मिथाइल जॅस्मोनेटने, म्हणजे जॅस्मोनिक आम्लाच्याच एका रूपाने, टोमॅटोतही ही प्रथिनं जागी झाली. हा प्रयोग 1990 चा. अनेक झाडांत रोगासाठीची आणि अळीसाठीची वाट एकमेकींना दाबते. झाडाकडे शक्ती मोजकीच असते, आणि बचावावर खर्च झाली की वाढ मंदावते.

तिवरं उघडी पडली तर

ठाणे खाडीच्या काठी काही वर्षी तिवरांवर अळ्यांचा मोठा हल्ला होतो. सागाची पानं फस्त करणारी हायब्लिया प्युएरा हीच ती अळी. हिरवी रांग पाहता पाहता तपकिरी होते आणि लोक घाबरून फवारणीची मागणी करतात. पण मूळ आणि खोड शाबूत असेल तर तिवराला काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. अळ्या खायला पक्षीही येतात. इथे फवारलेलं कीटकनाशक भरतीच्या पाण्याबरोबर थेट मासे, कोळंबी आणि खेकड्यांपर्यंत जाईल. म्हणून घणसोलीकरांना एवढीच विनंती: अशी तिवरं दिसली तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा, स्वतः औषध मारू नका आणि झाड मेलं असं समजून तोडू नका.