पंधरा ते पन्नास : जुन्या मोटारींची बेवारस वर्षे

हिवाळ्याची चाहूल लागली की, देशभरातील जुन्या मोटारींच्या मालकांची लगबग सुरू होते. उन्हाळ्यात ही इंजिने तापतात आणि पावसाळ्यात जुने वायपर व कापडी टप दगा देतात. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या मंडळींचा मोसम. ‘द स्टेट्समन’ या वृत्तपत्राने दिल्लीत १९६४ मध्ये आणि कोलकात्यात १९६८ मध्ये सुरू केलेल्या जुन्या मोटारींच्या फेऱ्यांनी या छंदाला सार्वजनिक रूप दिले. पण शहरातल्या शहरात दहा-वीस किलोमीटर मिरवून येणे वेगळे आणि दिल्लीहून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, वडोदरा या मार्गाने मुंबईपर्यंतचे सुमारे १,४०० किलोमीटर स्वतःच्या चाकांवर पार करणे वेगळे. अशा लांबच्या प्रवासाची तयारी करताना मोटारीइतकीच आपल्या वाहनविषयक धोरणाचीही परीक्षा होते. मोटार बहुधा या परीक्षेत उतरते. धोरणाबद्दल तसे म्हणता येत नाही.

लांब पल्ल्याची ही हौस भारताला नवी नाही. १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची सहनशक्ती-चाचणी झाली होती. तेव्हा प्रश्न होता, तो मोटार हे यंत्र या देशाच्या रस्त्यांवर टिकेल का, हा. आज रस्ते उत्तम आहेत. त्या रस्त्यांवर जुन्या यंत्राला जागा उरेल का, एवढाच प्रश्न आहे.

तयारी म्हणजे काय?

प्रवासाला निघण्याआधीचे काही महिने गॅरेजमध्ये जातात. वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचे रेडिएटर क्षारांनी चोंदलेले असते. ते उतरवून साफ करावे लागते. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरी कप कडक झालेले असतात. टायरवरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबराचे वय झालेले असते आणि भर वेगात तेच घात करते. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, फॅन बेल्ट, पाण्याचे होज पाइप या वस्तू जोडीने बरोबर घ्याव्या लागतात, कारण वाटेतील दुकानांत त्या आता मिळत नाहीत. अनेक जुन्या गाड्यांची विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची असते आणि बॅटरी भारित करायला अल्टरनेटरऐवजी डायनामो असतो. रात्री दिवे लावून सावकाश चालवले की, बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत जाते. म्हणून प्रवास दिवसाचाच आखतात आणि रोजचा टप्पा दोनशे किलोमीटरच्या आसपास ठेवतात.

घाटातील उतारावर केवळ ब्रेकवर विसंबता येत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीने वेग रोखावा लागतो. दुपारच्या उन्हात इंधनाच्या नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके टाकायचे, हा उपाय अँबेसेडर चालवणाऱ्यांच्या कैक पिढ्यांना ठाऊक होता. हे ज्ञान पुस्तकांत फारसे नाही. ते मिस्त्रींच्या हातांत आणि कानांत आहे. कार्बुरेटरचा आवाज ऐकून मिश्रण जुळवणारा मिस्त्री आज साठीच्या घरात असतो आणि त्याच्या हाताखालचा मुलगा संगणक जोडून दोष शोधायला शिकलेला असतो. गाड्या फिरत्या राहिल्या, तरच हे कौशल्य पुढच्या पिढीकडे जाते. काचेआड ठेवलेल्या गाडीला मिस्त्री लागत नाही.

बदललेले इंधन

यंत्र तेच राहिले, तरी त्याचे अन्न बदलत गेले. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे आणि जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठकींना त्याचे संरक्षण मिळे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, आरोग्यासाठी तो निर्णय अत्यावश्यक होता. मोटारप्रेमींनी इंजिने उघडून कठीण धातूच्या बैठकी बसवल्या आणि बदल पचवला.

आताचा बदल इथेनॉलचा आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मूळच्या २०३० वरून अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये ते गाठलेही गेले. खनिज तेलाची आयात घटवणे आणि उसाला नवी बाजारपेठ देणे हे त्यामागचे हेतू. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी वेगळे होते, पत्रा गंजतो आणि जुन्या घडणीच्या रबरी नळ्या व पडदे फुगून निकामी होतात. नीती आयोगाच्या पुढाकाराने तयार झालेल्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात जुन्या वाहनांच्या बचावासाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवण्याचा विचार मांडलेला होता. आज सर्वसाधारण पंपावर असा पर्याय मिळत नाही. परिणामी लांबच्या प्रवासाला निघालेला गाडीमालक आधी सर्व नळ्या बदलतो, टाकीला आतून लेप देतो आणि प्रवास संपताच टाकी रिकामी करतो. सधन मालकाला हा खर्च जड जात नाही. वडिलांची फियाट जपणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तो जड जातो.

कायद्याने दिलेले आणि राखून ठेवलेले

जुन्या मोटारींना स्वतंत्र कायदेशीर ओळख मिळाली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ म्हणून मान्यता दिली. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणी करताना ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि त्यानंतरच्या नोंदणीला पाच हजार रुपये. निरनिराळ्या राज्यांच्या मर्जीवर चाललेल्या गोष्टीला देशव्यापी चौकट मिळाली, हे या दुरुस्तीचे श्रेय आहे.

मात्र या गाड्या नियमित अथवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, तिथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल एवढीच मुभा आहे. वरवर पाहता ती पुरेशी वाटते. पण लांबच्या प्रवासाआधी शंभर-दोनशे किलोमीटरची चाचणी घ्यावीच लागते. नवी बसवलेली पिस्टन रिंग काहीशे किलोमीटर चालल्याशिवाय बसत नाही. ही चाचणी ‘देखभाल’ ठरते का? चार मित्रांनी मिळून आखलेला प्रवास ‘रॅली’ ठरतो, की त्यासाठी संस्थेचा फलक लागतो? उत्तर रस्त्यावरच्या पोलिसाच्या समजुतीवर अवलंबून राहते. प्रवास चार राज्यांतून असेल, तर अशा चार समजुतींशी गाठ पडते.

याहून मोठी अडचण पन्नाशीच्या अलीकडची आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८४ मध्ये नोंदलेल्या मारुती ८०० ला ‘विंटेज’ होण्याआधी, १९९९ पासून २०२९ पर्यंत, सात वेळा या दारातून जावे लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजारांवर. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा रोखही जुने वाहन सोडून द्यावे, असाच आहे. थोडक्यात, पन्नास वर्षे टिकलेल्या गाडीचा आपण सन्मान करतो आणि ती पन्नास वर्षे टिकू नये अशी व्यवस्थाही करतो.

दिल्लीत ही विसंगती सर्वाधिक जाणवते. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केलेल्या शिक्कामोर्तबाने राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल व दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मज्जाव झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवरील कारवाईला स्थगिती दिली. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. त्यातच हवा बिघडण्याचा आणि जुन्या मोटारींच्या फेऱ्यांचा मोसम एकच. प्रदूषणरोधक कृती आराखड्याचा तिसरा टप्पा लागू झाला की, बीएस-३ पेट्रोल चारचाकींवरही बंदी येते.

दिल्लीकरांच्या फुप्फुसांपेक्षा कोणाचीही हौस मोठी नाही, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले ते १९९५ मध्ये. त्याआधीची गाडी दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट अधिक विषारी धूर सोडते. पण प्रदूषण हा दर किलोमीटरचा धूर आणि किलोमीटर यांचा गुणाकार असतो. वर्षाकाठी पाचशे-हजार किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारा जुना टेम्पो यांना केवळ वयाच्या काट्यावर तोलणे सोपे असले, तरी शास्त्रीय नाही.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरील, मूळ स्थितीत जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची पाटी मिळते आणि कमी प्रदूषणाच्या शहरी क्षेत्रांतही ती जाऊ शकते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील गाड्यांना ऐतिहासिक गटात स्थान आहे आणि लंडनच्या कडक उत्सर्जन क्षेत्रातही त्यांना सवलत आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही तीस वर्षांचीच कसोटी मानली आहे.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, त्यासाठी सरकारने डोके का शिणवावे, असा आक्षेप येईल. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसबाबत तो काहीसा खराही आहे. त्यांना जपायला धनिक समर्थ आहेत. उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची पद्मिनी, मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, गुरगावची मारुती या मात्र नियोजनकाळातील भारताने घडवलेल्या आणि मध्यमवर्गाने वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेल्या गाड्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. कोलकात्याच्या पिवळ्या अँबेसेडरही एकेक करून जात आहेत. प्रवासी वाहन म्हणून त्यांची निवृत्ती योग्यच होती. पण नियमांची आजची चौकट कायम राहिली, तर पन्नाशीला पोहोचतील त्या बव्हंशी महालांच्या गॅरेजमधल्या गाड्या. सामान्य भारतीयाच्या औद्योगिक इतिहासाचे चालते पुरावे तोवर भंगारात गेलेले असतील.

उपाय खर्चीक नाहीत. तीस ते पन्नास वर्षांच्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी मधला गट करावा. त्यांना वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घालून ओडोमीटरची नोंद तपासावी आणि प्रदूषण चाचणी सक्तीचीच ठेवावी. चाचणी फेरी व पूर्वसूचना दिलेला प्रवास यांचा नियमांत स्पष्ट उल्लेख करून, एका राज्यात दिलेली सूचना सर्व राज्यांनी मानावी. हवा गंभीर असेल त्या दिवसांत या गाड्यांनीही घरीच थांबावे; त्याला कोणाही जबाबदार मोटारप्रेमीची हरकत असणार नाही. प्रमुख शहरांत मोजक्या पंपांवर कमी इथेनॉलचे पेट्रोल, गरज तर चढ्या दराने, मिळावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू केल्यास आजच्या वृद्ध मिस्त्रींना शिक्षक म्हणून बोलावता येईल.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या मोटारी परदेशी जाऊ लागल्या, तेव्हा सरकारने त्यांची निर्यात रोखली, कारण हा ठेवा देशात राहावा अशी भावना होती. तो देशात राहिला. आता त्याला चालते ठेवायचे, तर गाडीचे केवळ वय न पाहता ती किती आणि कशी वापरली जाते, हे पाहणारा नियम हवा. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती २०३३ मध्ये पन्नाशी गाठतील. त्यातल्या काही तरी दिल्लीहून मुंबईला चालत याव्यात असे वाटत असेल, तर निर्णय त्या वर्षी घेऊन भागणार नाही.