पाण्याची पाळी आणि मालवणची सहल

सभासद बंधूंनो, गळीत हंगाम आटोपला की पोरं मालवणचा धोशा लावतात, हे आम्ही गटागटांतून फिरताना ऐकतो. जरूर जावे. मात्र उन्हाळ्यात उसाला ८-१० दिवसांनी पाणी लागते. तेव्हा पाळी देऊन लगेच निघावे. राधानगरी, फोंडाघाट, कणकवली हा रस्ता ओळखीचाच आहे. एप्रिल गाठावा. मेअखेर समुद्र खवळू लागतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले.

तरुण मंडळींचा डोळा असतो वॉटर स्कूटरवर. तिला बाहेर पंखा नसतो. आपल्या विहिरीवरच्या पंपासारखाच आत इंपेलर; तो पाणी ओढून मागे जोरात फेकतो नि स्कूटर पळते. वळते तीही त्या धारेनेच, आणि घात होतो तो इथेच! समोर होडी दिसली की मोटारसायकलच्या सवयीने हात रेस सोडतो. धार तुटते, मग हँडल कितीही फिरवा, स्कूटर सरळच जाते. म्हणून थोडी रेस ठेवून लांबूनच वळावे. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला हवीच. माणूस पडला की स्कूटर थांबते. लाईफ जॅकेटचे बंद आवळून बांधावेत, पंचगंगेत पट्टीचे पोहणाऱ्यांनीसुद्धा.