पूर्णस्तरीय पृष्ठघटकांची उभारणी : फ्रॅपे फ्रेमवर्कच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे संकेतस्थळ दीर्घकाळ सूचनाफलकाचेच काम करीत आले. परंतु डोंगरकडा (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) परिसरातील विद्यार्थ्याला आपल्या शिष्यवृत्ती-अर्जाची स्थिती मोबाईलवर पाहावयाची असेल, तर सूचनाफलक अपुरा पडतो. तेथे दर्शनी पान, त्यामागील नियम आणि माहितीसाठा असे तीन स्तर एकत्र यावे लागतात. हे तिन्ही स्तर एकत्र बांधलेल्या स्वतंत्र भागास पूर्णस्तरीय पृष्ठघटक म्हणता येईल. अशा घटकाची रचना आणि त्यातील माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फ्रॅपेची पार्श्वभूमी :
रुषभ मेहता यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कंपनीतून फ्रॅपे हे फ्रेमवर्क विकसित झाले. ईआरपीनेक्स्ट ही व्यवस्थापन-प्रणाली त्यावरच उभी आहे. सर्व्हरवर पायथॉन, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि माहितीसाठ्यासाठी प्रामुख्याने मारियाडीबी अशी त्याची रचना आहे. एमआयटी परवान्यामुळे ते विनाशुल्क वापरता येते. मूळ आज्ञावलीला हात न लावता नवी सोय स्वतंत्र ‘अॅप’ म्हणून जोडता येते. हे अॅप म्हणजेच प्लगिन होय.

घटकाची रचना :
पहिली पायरी ‘डॉकटाइप’ची. अर्ज क्रमांक, विद्यार्थी, स्थिती, बँक खाते इत्यादी रकाने येथे ठरतात व त्यानुसार माहितीसाठ्यात तक्ता तयार होतो. दुसरी पायरी पानाची. अॅपमधील ठरावीक फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली ठेवल्या जातात : एक एचटीएमएलची, दुसरी पायथॉनची. पायथॉन फाइलमधील ‘गेट कॉन्टेक्स्ट’ हे फंक्शन माहिती गोळा करते. जिंजा ही साचा-भाषा ती एचटीएमएलमध्ये बसवते. पान सर्व्हरवरच तयार होत असल्याने ब्राउझरकडे तयार मजकूर पोहोचतो. साध्या मोबाईलवर आणि मंद नेटवर्कवर ही बाब उपयुक्त ठरते.

संरक्षणाचा प्रश्न :
येथेच खरी जोखीम आहे. माहिती मागवण्यासाठी फ्रॅपेमध्ये ‘गेट लिस्ट’ आणि ‘गेट ऑल’ अशी दोन फंक्शने आहेत. पहिले वापरकर्त्याच्या परवानग्या तपासते; दुसरे तपासत नाही. दोहोंचे फलित वरवर सारखेच दिसते. मात्र घाईत दुसरे वापरल्यास एका विद्यार्थ्याच्या पानावर इतरांचे अर्जही येऊ शकतात.

तसेच जावास्क्रिप्टमधून बोलावण्यासाठी फंक्शनला ‘व्हाइटलिस्ट’ करावे लागते. त्याचा अर्थ ते फंक्शन बाहेरून बोलावता येते, एवढाच. मागणाऱ्याला ती नोंद पाहण्याचा अधिकार आहे की नाही, हे फंक्शनच्या आत स्वतंत्रपणे तपासावे लागते. बँक खात्याचा रकाना पानावर केवळ लपवणे हेही संरक्षण नव्हे. ब्राउझरपर्यंत पोहोचलेली माहिती जाणकारास वाचता येते. म्हणून अनावश्यक रकाने सर्व्हरवरून पाठवूच नयेत.

चाचणीची पद्धत :
‘अॅडमिनिस्ट्रेटर’ या खात्याला सर्व परवानग्या असतात. त्यामुळे त्या खात्यातून केलेली चाचणी परवानग्यांबाबत काहीच सिद्ध करीत नाही. दोन काल्पनिक विद्यार्थ्यांची खाती तयार करावीत, प्रत्येकास केवळ स्वतःच्या नोंदीपुरती परवानगी द्यावी आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याचा अर्ज क्रमांक मागून पाहावा. नकार मिळाला, तरच ती तपासणी पार पडली असे मानावे. लॉगिन न करताही हीच मागणी करून पाहावी.

समारोप :
पूर्णस्तरीय घटकामुळे पान, नियम आणि माहिती एकाच ठिकाणी सांभाळता येतात. छोट्या महाविद्यालयातील एखाददुसऱ्या जाणकार अध्यापकासही देखभाल शक्य होते. तथापि उभारणीची सुलभता म्हणजे सुरक्षितता नव्हे. विद्यार्थ्याने विश्वासाने दिलेली माहिती कोणास दिसावी, हा निर्णय सर्व्हरवरील नियमांत स्पष्टपणे लिहिला गेला पाहिजे. पानाच्या देखणेपणाचा विचार त्यानंतरचा होय.