शहाद्याचा राग

शहादा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता. तापीकाठच्या इथल्या सुपीक काळ्या जमिनी कधीकाळी भिल्ल कुटुंबांकडे होत्या. कर्जापोटी, अंगठे उठवून त्या सधन शेतकऱ्यांच्या हाती गेल्या आणि मूळ मालक त्याच शेतात सालदार झाले. घेतलेली उचल साल सरले तरी फिटत नसे. त्यामुळे पुढचे सालही त्याच मालकाकडे काढावे लागे.

मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यावरून उसळलेल्या संघर्षात आदिवासींवर गोळीबार झाला आणि आतल्या आत धुमसणारा संताप बाहेर पडला. त्याला वाट दिली अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणाने. गावोगाव भजने म्हणत हिंडणाऱ्या या माणसाने त्याच मेळ्यांतून जमिनीची नि मजुरीची गोष्ट काढली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबई-पुण्याची शिकलेली मुलेही येऊन मिळाली. गावात तरुण मंडळे निघाली, मजुरीसाठी संप झाले. बायकांनी तर दारूचे गुत्ते गाठून मडकी फोडली. जमीनदारांनी उत्तरादाखल पीक संरक्षणाच्या नावाखाली रखवालदारांच्या टोळ्या उभ्या केल्या. अंबरसिंग १९७४ मध्ये अकाली गेले.

याच दशकात राग दुसरीकडेही उसळला: दोनेक वर्षांनी लंडनमध्ये बेकारीने गांजलेल्या पोरांचे पंक संगीत गाजू लागले. त्या संतापाच्या तबकड्या लवकरच दुकानांत विकायला आल्या. शहाद्याच्या रागाला असे गिऱ्हाईक नव्हते; त्याचे भांडण थेट सातबाऱ्याशी होते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने केला, त्यामागे अशाच लढ्यांचा रेटा होता. अंमलबजावणी मात्र रखडतच राहिली.

या चळवळीतून घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत राग मालकापाशी थांबत नाही. आदिवासींचे दुःख आदिवासींनाच मंचावरून ऐकवणाऱ्या आणि त्यांना मात्र खालीच बसवणाऱ्या हितचिंतकांनाही ती धारेवर धरते. जमीन आणि मजुरी यांच्याइतकाच बोलण्याचा हक्कही विषमतेने वाटला जातो, ही तिची तक्रार आहे. १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोनवणे यांच्याकडे होते.